टुंड्राची जमीन तुडवली, उकरली, झाकली तर तिथल्या वनस्पतींचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टुंड्राबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बरेच प्रश्न तिथेच अडकतात: जमीन हिरवी होणं वेगळं आणि जमीन पूर्ववत होणं वेगळं.

१. टुंड्रा म्हणजे काय? तिथल्या जमिनीला एवढं जपावं का लागतं?

उन्हाळा इतका थंड आणि तोकडा की वृक्ष वाढूच शकत नाहीत, असा प्रदेश म्हणजे टुंड्रा. अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंडची किनारपट्टी आणि रशियाची उत्तर बाजू इथे तो पसरला आहे. उंच पर्वतांवर वृक्षरेषेच्या वरही टुंड्रा असतो, पण त्याचे प्रश्न थोडे निराळे आहेत (प्रश्न १२). वाढीचा हंगाम जेमतेम सहा ते दहा आठवड्यांचा.

आर्क्टिक टुंड्राखाली पर्माफ्रॉस्ट असतो, म्हणजे सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाखाली राहिलेली जमीन. उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा थर वितळतो, साधारण ३० सेंटीमीटर ते एक मीटर. याला सक्रिय थर म्हणतात. मुळं, ओलावा, अन्नद्रव्यं, सगळा संसार याच थरात. त्यावर शेवाळाची आणि अर्धवट कुजलेल्या पानामुळांची जाड गोधडी पसरलेली असते. ती उन्हाळ्याची ऊब खाली पोहोचू देत नाही, म्हणून खालचा बर्फ टिकतो. आणि तो बर्फ पाणी खाली मुरू देत नाही, म्हणून वाळवंटाइतका कमी पाऊस पडूनही वर ओल राहते. वनस्पती बर्फ राखतात, बर्फ वनस्पतींना पाणी राखून देतो. माणसाने यातलं कुठलंही एक हलवलं की दुसरंही हलतं.

२. एखादी गाडी एकदाच गेली तर असं काय मोठं बिघडतं?

कोरड्या खडकाळ माथ्यावरून एकदा गेली तर कदाचित फारसं नाही. ओल्या जमिनीवरून, उन्हाळ्यात, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारी जड गाडी गेली तर खूप.

वजनाने शेवाळ दाबलं जातं आणि त्यातली हवा निघून जाते. दबलेलं, ओलं शेवाळ ऊब अडवत नाही, उलट खाली पोहोचवतं. त्यात पृष्ठभाग काळा पडला की ऊनही जास्त शोषलं जातं. त्या पट्ट्यात सक्रिय थर खोल होतो. खालच्या मातीत बर्फ कमी असेल तर गोष्ट तिथेच थांबते. पण अनेक ठिकाणी पर्माफ्रॉस्टच्या वरच्या काही मीटरांत निम्म्याहून जास्त घनफळ बर्फाचंच असतं. तो वितळला की जमीन खचते. खचलेल्या चरात पाणी साठतं, साठलेलं पाणी आणखी ऊब धरतं, आणखी बर्फ वितळतो. या खचण्याला थर्मोकार्स्ट म्हणतात. गाडी केव्हाच निघून गेलेली असते, पण चर पुढची अनेक वर्षं खोल होत राहतो.

म्हणून 'गाडी किती जड होती' याच्याइतकाच 'खाली बर्फ किती होता' हा प्रश्न महत्त्वाचा. माझ्या मते जास्तच. मात्र तो विचारला जातो नुकसान झाल्यावर.

३. विमानातून पाहिलं तर जुन्या चाकोऱ्या भोवतालपेक्षा जास्त हिरव्या दिसतात. मग नुकसान कसलं?

निरीक्षण अगदी बरोबर आहे. टुंड्राच्या वनस्पतींची खरी उपासमार असते ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची. थंड, पाणथळ मातीत कुजणं इतकं हळू चालतं की ही द्रव्यं मृत पानामुळांतच अडकून पडतात. चाकोरीतली माती उबदार होते, कुजण्याला वेग येतो, शिवाय चरातून वाहणारं पाणी वरच्या बाजूची द्रव्यं आणून देतं. अलास्कातल्या चाकोऱ्यांवर १९८० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात तिथल्या वनस्पतींच्या पानांत फॉस्फरससारखी द्रव्यं शेजारच्या अबाधित जमिनीपेक्षा जास्त आढळली होती.

पण ही हिरवाई कोणाची ते बघा. एरवी एका पावलाच्या जागेत शेवाळ, लायकेन, खुरटी सदाहरित झुडपं, बुटका बर्च, विलो आणि लव्हाळ्याच्या कुळातली गवतासारखी पातं एकत्र नांदतात. चाकोरीत बहुतेक करून शेवटचीच उरतात, दाट आणि उंच. शेवाळाची गोधडी गेलेली असते. वरून सगळं छान दिसत असताना खाली बर्फ वितळत असतो.

४. आधी कोण मरतं आणि कोण तग धरतं?

सगळ्यात आधी लायकेन, म्हणजे दगडफुलाची भावंडं. रेनडियर जे खातात ते झुडपासारखं लायकेन वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. मुळं नाहीत, जमिनीखाली साठवलेलं काही नाही. मोडलं की तुकड्यांपासूनच नव्याने सुरुवात.

त्यांच्यापाठोपाठ सदाहरित खुरटी झुडपं जातात: चार धारांच्या फांद्यांची कॅसिओपी, रानटी क्रॅनबेरीची जात, आणि कोरड्या माथ्यांवर चटईसारखी पसरणारी ड्रायस. यांची पानं अनेक वर्षं टिकायची असतात आणि वाढीचे कोंब जमिनीच्या वर असतात. फांदी चिरडली की वर्षानुवर्षांची गुंतवणूक बुडाली. पानगळीची झुडपं, विशेषतः विलो, यांच्यापेक्षा चिवट; बुडख्यातून पुन्हा फुटतात. बुटका बर्च या दोहोंच्या मधे कुठेतरी.

महापुरात लव्हाळे वाचतात हे आपण म्हणीतून ऐकलेलं आहे. टुंड्रात चाकाखालीही तेच वाचतात. ओल्या जागी वाढणारा कॅरेक्स आणि पांढऱ्या बोंडांचं कापूसगवत यांचे कोंब आणि आडवी खोडं मातीत दडलेली असतात. वरचं पातं गेलं तरी खालून नवं येतं. कापूसगवताची ठोंब करून वाढणारी जात आणखी वेगळी. तिची मुळं दरवर्षी नव्याने वाढतात आणि वितळणाऱ्या थराच्या पाठोपाठ खाली उतरतात. एकेक ठोंब शंभर वर्षांहून जुना असू शकतो. त्याला थोडं दाबणं चालतं. पण बुलडोझरच्या पात्याने ठोंबाचा माथाच उडवला तर कोंबही जातात.

५. माती पूर्ण उघडी पडली तर पहिलं काय उगवतं? बी कुठून येतं?

अबाधित टुंड्रात बियांपासून उगवलेलं रोप क्वचितच टिकतं. शेवाळाच्या दाट थरात त्याला जागाच मिळत नाही, त्यामुळे वनस्पती बहुतेक करून आडव्या खोडांनी पसरतात. उघडी माती ही बियांसाठी दुर्मीळ संधी असते.

बी बहुतेक वेळा तिथल्याच मातीत दबलेलं असतं, खासकरून ठोंबांच्या कापूसगवताचं आणि कॅरेक्सचं. थंडीत ते फार काळ टिकतं. अलास्कातल्या मातीतून कॅरेक्सच्या एका जातीचं शंभर वर्षांहून जुनं जिवंत बी मिळालेलं आहे. वाऱ्यावर उडणारं बी हा दुसरा मार्ग. नद्यांच्या खडीवर जांभळट गुलाबी फुलांनी बहरणारी बुटकी फायरवीड आणि काही विलो असेच येतात.

म्हणून बांधकामात वरचा सेंद्रिय थर कुठे गेला याला फार महत्त्व आहे. तो खरवडून फेकला तर बियांचा साठाही गेला. तो बाजूला रचून ठेवून पुन्हा पसरला तर निदान सुरुवात होते.

६. पण ३२ हजार वर्षांचं बी उगवलं होतं ना? मग काळजी कशाला?

ती बातमी खरी आहे, पण सांगताना तिचा अर्धा भाग गळतो. २०१२ साली रशियन शास्त्रज्ञांनी सायबेरियातल्या कोलिमा नदीकाठी, खारींच्या गोठलेल्या प्राचीन बिळांत सापडलेल्या फळांपासून सिलेनी स्टेनोफिला या वनस्पतीची रोपं तयार केली. फळांचं वय सुमारे ३२ हजार वर्षं. पण रोपं बी पेरून आली नव्हती. कच्च्या फळातल्या उतींपासून प्रयोगशाळेत ती वाढवली होती. उकरलेल्या टुंड्राला याचा काही उपयोग नाही.

७. भरून यायला किती वर्षं लागतात?

एक आकडा मागू नका. तो कोणी दिला तर विश्वास ठेवू नका. नोंदी काय सांगतात ते पाहा.

अलास्काच्या उत्तर उतारावर फिश क्रीक इथे १९४९ साली तेलाची चाचणी विहीर खोदली गेली. १९७७ साली तिथे पाहणी झाली तेव्हा चाकोऱ्या, खचलेले भाग आणि बदललेली वनस्पती स्पष्ट दिसत होती. दुसरं उदाहरण आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याच्या किनारपट्टीचं. १९८४ आणि १९८५ च्या हिवाळ्यांत तेलाचा अंदाज घेण्यासाठी तिथे भूकंपलहरींनी सर्वेक्षण झालं. सर्वेक्षणाच्या रेषा आणि तंबूगाड्या ओढून नेण्याचे मार्ग मिळून सुमारे ४,००० किलोमीटरच्या खुणा राहिल्या. त्यावर दीर्घकाळ नजर ठेवली गेली. बहुतेक भाग पहिल्या दशकातच चांगला सुधारला. पण दोन दशकांनंतरही काही पट्टे सुधारलेले नव्हते, आणि तंबूगाड्यांच्या मार्गांची अवस्था रेषांपेक्षा वाईट होती, कारण त्याच वाटेवरून अनेक जड गाड्या एकामागून एक गेल्या होत्या.

ढोबळ मानाने, पातं दबलं पण गोधडी शाबूत असेल तर काही वर्षं. गोधडी दबली तर दशकं. ती खरवडली गेली आणि खाली बर्फ असेल तर जुनी वनस्पती परत येईल असं धरूनच चालू नये. जमिनीची पातळी बदलली, पाणी बदललं. त्या नव्या जागी स्थिर होईल तो वेगळाच समाज, कदाचित तळंसुद्धा.

८. मग हिवाळ्यात, बर्फावरून गाड्या नेल्या की झालं ना?

नक्कीच पुष्कळ बरं, आणि आज हीच रीत आहे. पण वर सांगितलेलं १९८४-८५ चं सर्वेक्षणही हिवाळ्यातच झालं होतं. जमिनीवर पडलेल्या बर्फाचा थर पातळ असेल तर ठोंबांचे माथे सोलवटतात, झुडपं मोडतात. अलास्का राज्याच्या नियमांत म्हणूनच दोन अटी आहेत: ३० सेंटीमीटर खोलीवर जमिनीचं तापमान उणे ५ अंश किंवा त्याखाली हवं, आणि किनारी मैदानात किमान १५ तर पायथ्याच्या टेकड्यांत किमान २३ सेंटीमीटर बर्फ हवा. टेकड्यांत जास्त, कारण तिथे ठोंब उंच.

पाणी ओतून, गोठवून केलेले बर्फाचे रस्ते आणखी सुरक्षित. त्यांच्याखालीही सदाहरित झुडपांना इजा होते, पण गोधडी बहुधा वाचते. अडचण अशी की हिवाळे उबदार होत आहेत आणि या अटी पूर्ण व्हायला उशीर लागतो.

९. आमच्या भागात गाड्या फक्त रस्त्यावरूनच जातात. तरी बाजूची वनस्पती का बदलते?

धूळ, पाणी आणि साचलेला बर्फ.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बे इथे १९६८ साली तेल सापडलं. पुढे ट्रान्स-अलास्का पाइपलाइनसाठी १९७४ साली खडीचा रस्ता बांधला गेला, तोच आजचा डाल्टन महामार्ग. त्यावरून जाणारी अवजड वाहनं उडवतात ती धूळ बऱ्याचदा चुनखडीयुक्त असते. रस्त्यालगत ती सगळ्यात जाड बसते, शंभरएक मीटरनंतर बरीच विरळ होते. आम्लधर्मी टुंड्रातल्या स्फॅग्नम शेवाळाला चुना मुळीच सोसत नाही, ते मरतं. धुळीने काळवंडलेला बर्फ रस्त्याकडेला लवकर वितळतो, इतका लवकर की वसंतात परतणारे पक्षी तिथेच गोळा होतात. शेवाळ गेलं, ऊन लवकर लागलं, म्हणजे पुन्हा प्रश्न २ मधलीच साखळी.

रस्त्याचा भराव बांधासारखा पाणीही अडवतो, त्यामुळे एका बाजूला तळी साचतात. याउलट कॅनडात इनुविककडे जाणाऱ्या डेम्पस्टर महामार्गाच्या कडेला अल्डरची झुडपं आतल्या टुंड्रापेक्षा उंच वाढलेली आढळतात. उंच झुडपं हिवाळ्यात बर्फ अडवतात, तो बर्फ जमिनीला गारठू देत नाही, आणि उबदार मातीत झुडपं आणखी वाढतात. म्हणजे 'रस्त्याकडेला वनस्पती मरते' हेही सरसकट खरं नाही.

पाइपलाइनच्या सुमारे १,३०० किलोमीटरपैकी निम्म्याहून जास्त लांबी खांबांवर उचललेली आहे, तीही याच भीतीपोटी. गरम तेलाची नळी पुरली असती तर खालचा बर्फ राहिला नसता.

१०. काम संपल्यावर खडीचा भराव उचलून नेला तर जुनी टुंड्रा परत मिळते का?

भराव सहसा दीड मीटरच्या आसपास जाड घालतात, खालचा पर्माफ्रॉस्ट टिकावा म्हणून. त्याखाली टुंड्रा दबून मेलेली असते. खडी काढली की दबलेली, काळी, उघडी जमीन उरते आणि ती खचू लागते. काही वेळा थोडी खडी मुद्दाम ठेवतात. भराव तसाच सोडला तर वर्षानुवर्षं जवळपास उजाड राहतो. तिथे पाणी नाही, अन्नद्रव्यं नाहीत, वारा सगळं उडवतो. येतात ती नदीकाठच्या खडीची सवय असलेली मंडळी: फायरवीड, ॲस्ट्रागॅलससारखी शेंगावर्गीय रोपं. शेंगावर्गीयांचा फायदा दुहेरी, कारण ती हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात.

अलीकडे वापरली जाणारी आणखी एक पद्धत मला सगळ्यात आश्वासक वाटते. जी जागा एरवीही खणली जाणार आहे तिथली टुंड्रा मुळांमातीसकट लाद्या कापून उचलायची आणि उघड्या जागेवर बसवायची. गोधडी तयारच मिळते. खर्चिक आहे आणि लाद्या पुरत नाहीत, हा भाग वेगळा.

११. गवताचं बी पेरून खत टाकलं तर पटकन हिरवं होत नाही का?

होतं. पाइपलाइनच्या काळात हेच मोठ्या प्रमाणावर केलं गेलं. धूप थांबवायला उतारावर त्याचा उपयोगही आहे. पण खत मिळालं की गवत सगळ्यांना मागे टाकतं आणि त्याच्या दाट वाढीत स्थानिक रोपांना जागा उरत नाही. खत बंद झालं की पेरलेलं गवत विरळ होतं, मधली वर्षं मात्र गेलेली असतात. म्हणून आता स्थानिक जातींचं बी विरळ पेरण्याकडे कल आहे.

खताचा दीर्घ परिणाम अलास्कातल्या टूलिक तळ्याकाठच्या प्रयोगात दिसला. तिथे १९८१ पासून टुंड्राच्या तुकड्यांना दरवर्षी नायट्रोजन आणि फॉस्फरस दिला गेला. बुटका बर्च माजला, जमिनीवरची वाढ दुप्पट झाली, शेवाळ आणि लायकेन हटले. आणि २० वर्षांनी हिशेब केला तेव्हा वाढलेल्या झुडपांनी साठवला त्याहून जास्त कार्बन मातीतून निघून गेला होता, निव्वळ तूट दर चौरस मीटरला सुमारे दोन किलो. प्रश्न ३ मधल्या हिरवाईकडे संशयाने बघायचं आणखी एक कारण.

१२. आम्ही फक्त पायी फिरतो. तेवढ्यानेही काही होतं?

होतं, आणि याची एक जुनी पाहणी आर्क्टिकमधली नाही. अमेरिकेतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात ट्रेल रिज रोड १९३२ साली खुला झाला आणि पर्यटक थेट उंच पर्वती टुंड्रावर उतरू लागले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बेट्रिस विलार्ड या वनस्पतिशास्त्रज्ञ महिलेने तुडवलेल्या जागांना कुंपण घालून त्यांच्या नोंदी सुरू केल्या. पूर्ववत व्हायला शतकं लागतील असा त्यांचा अंदाज होता. त्यांचे ते प्रयोगाचे तुकडे २००७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेले.

तिथे बर्फ वितळून जमीन खचण्याचा धोका कमी. वनस्पतींचं कवच फाटलं की वारा आणि माती उचलणारे बर्फाचे बारीक स्फटिक माती उघडी करतात, आणि ती पुन्हा साठायला फार वेळ जातो.

चालायचंच असेल तर आखलेली वाट असेल तिथे वाटेवरच राहा. वाट नसेल तिथे एकामागे एक चालू नका, पसरून चाला आणि शक्य तिथे दगडांवर पाय ठेवा. कोरडं लायकेन पायाखाली चुरा होतं. ओलं असताना ते लवचीक असतं.

१३. तेल सांडलं तर कोणती वनस्पती वाचते?

प्रश्न ४ मधलाच क्रम साधारण इथेही लागू पडतो: शेवाळ, लायकेन, ड्रायस यांना जबर फटका, कॅरेक्स आणि विलो पुन्हा फुटण्याची शक्यता जास्त. पाणथळ जागी तेल पाण्यावर तरंगतं आणि मुळांपर्यंत कमी पोहोचतं. कोरड्या जागी ते थेट मुरतं. मात्र साफसफाईसाठी यंत्रं घातली तर कधीकधी तेलापेक्षा त्यांनीच जमीन जास्त बिघडते.

१४. बिघडलेल्या जमिनीवर रेनडियर जास्त चरतात असं ऐकलं. मग पशुपालकांचा फायदाच झाला?

उन्हाळ्यात, काही ठिकाणी, हो. रशियाच्या यमाल द्वीपकल्पात वायूच्या शोधात जड गाड्या फिरल्या आणि झुडपं-लायकेनच्या जागी गवत आणि कॅरेक्स आले. असं हिरवं गवत रेनडियरना उन्हाळ्यात आवडतं. पण हिवाळ्यात त्यांचा आधार असतो लायकेन, आणि तेच आधी जातं. शिवाय नेनेत्स पशुपालकांना नळमार्ग, रस्ते आणि कुरणांची अडवणूक यांनाही तोंड द्यावं लागतं. फक्त चाऱ्याच्या वजनावरून फायदा मोजणं त्यांच्यावर अन्याय आहे.

१५. बाहेरचं तण तिथे शिरतं का?

थंडीमुळे फारसं नाही, अजून तरी. जिथे शिरलं आहे तिथे बहुतेक करून माणसाने ऊब आणि खत पुरवलेलं असतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या बॅरेन्ट्सबर्ग या खाणवस्तीत जुन्या गोठ्यांच्या आसपास परक्या वनस्पती रुजल्या आहेत. त्याच द्वीपसमूहात बर्फ नसलेल्या किंवा वितळलेल्या जमिनीवर रस्ता सोडून वाहन चालवायला कायद्यानेच मनाई आहे.

१६. काही जुन्या वस्त्यांच्या जागा शेकडो वर्षांनीही हिरव्यागार आहेत. म्हणजे माणसामुळे टुंड्रा सुधारतोही?

कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये आणि ग्रीनलंडमध्ये थुले संस्कृतीच्या लोकांची घरं होती, देवमाशांची हाडं आणि मातीच्या लाद्या रचून बांधलेली. हाडं, चरबी, राख, शिकारीचे अवशेष यांतून तिथल्या मातीत आलेला फॉस्फरस आणि नायट्रोजन अजून संपलेला नाही. त्या जागी गवत आणि शेवाळ दाट असतं, आणि पुरातत्त्व अभ्यासकांना हिरव्या रंगावरून जुनी घरं शोधता येतात.

याला सुधारणा म्हणायचं की शेकडो वर्षं न भरलेली खूण? मी दुसऱ्या बाजूचा. समाज बदलला तो बदललाच. फक्त तो डोळ्यांना सुखद दिशेने बदलला. खाली जमीन खचली नाही, म्हणून तो टिकला.

१७. हवामान बदलाने सगळीकडेच झुडपं वाढत आहेत. मग चाकोरीतला बदल गाडीमुळे, हे कसं ठरवायचं?

एकट्या चाकोरीकडे बघून ठरत नाही. म्हणून चांगल्या पाहण्यांत प्रत्येक बिघडलेल्या तुकड्याशेजारी, त्याच उतारावर, त्याच मातीत एक अबाधित तुकडा ठेवतात आणि दोन्ही ठिकाणी वनस्पतींबरोबर वितळलेल्या थराची खोलीही मोजतात. लोखंडी सळई गोठलेल्या थराला लागेपर्यंत खुपसायची, इतकं ते सोपं आहे. दोघांतला फरक तो गाडीचा, दोघांत समान असलेला बदल तो हवेचा.

गोंधळ होतो तो शेजारचा तुकडाही खचू लागल्यावर. प्रुडो बे परिसरात १९९० नंतर बर्फाच्या पाचरी, म्हणजे जमिनीत पाचरीसारखे उभे रुतलेले बर्फाचे थर, रस्त्यांपासून दूरही वितळू लागल्या. अशा ठिकाणी तुलनेसाठी अबाधित जमीनच उरत नाही, आणि मग जुनी हवाई छायाचित्रं हाच एक आधार राहतो.